बाटलीतील नमुना आणि माणसाची अब्रू

३१ जानेवारी २०२२ या दिवशी भारतीय नागरी विमान वाहतुकीत एक नवा नियम अमलात आला. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यापैकी किमान १० टक्के जणांची दरवर्षी, पूर्वसूचना न देता, अमली आणि मनःप्रभावी द्रव्यांसाठी तपासणी करावी, असे बंधन नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्या, देखभाल-दुरुस्ती संस्था, उड्डाण प्रशिक्षण संस्था आणि हवाई वाहतूक नियंत्रणाची यंत्रणा यांच्यावर घातले. नोकरीवर घेण्यापूर्वी आणि प्रशिक्षणार्थीस प्रवेश देण्यापूर्वीही ही तपासणी सक्तीची झाली. मद्यासाठी श्वासाची चाचणी आपल्याकडे जुनीच आहे. तिच्या जोडीला आता मूत्राचा नमुना आला. पुढील काही महिन्यांतच काही वैमानिक आणि दिल्ली विमानतळावरील एक नियंत्रक या चाचणीत अडकल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली.

असे वृत्त वाचताना सर्वसामान्य प्रवाशाच्या मनात पहिला उद्गार उमटतो तो ‘हाकला त्याला’ असाच. तो स्वाभाविक आहे. ज्याच्या हाती आपल्या मुलाबाळांचे प्राण सोपवून आपण निर्धास्तपणे खिडकीबाहेरचे ढग न्याहाळतो, त्याने गांजा ओढलेला असावा ही कल्पनाच असह्य आहे. दुसऱ्या टोकाला एक वर्ग असा आहे, की ज्याला कोणत्याही तपासणीत हुकूमशाहीची पावले ऐकू येतात आणि प्रत्येक शिस्त ही व्यक्तिस्वातंत्र्यावरील घाला वाटते. या दोहोंपैकी कोणाचीही री ओढण्याचे कारण नाही. तपासणी हवीच, तिच्याविषयी तडजोड संभवत नाही. परंतु त्या तपासणीतून जाणारा मनुष्य गुन्हेगार नसून एका मोठ्या जबाबदारीचा वाहक आहे, याचे भान नियम राबविणाऱ्याला किती आहे, हा खरा प्रश्न आहे. आणि तो प्रश्न कामगाराच्या हक्काचा आहे तितकाच प्रवाशाच्या सुरक्षिततेचाही आहे.

तपासणीचे मूळ

ही पद्धत जगभर पसरली ती अमेरिकेतून. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँड राज्यातील चेस या गावाजवळ मालवाहतूक कंपनीची तीन जोडलेली इंजिने थांब्याचा सिग्नल ओलांडून पुढे आली आणि भरधाव येणारी प्रवासी गाडी त्यांच्यावर आदळली. १६ जण प्राणास मुकले. इंजिनचालक आणि त्याचा सहकारी या दोघांनी कामावर असताना गांजा ओढला होता, असे चौकशीत निष्पन्न झाले. तीन वर्षांनी, ८ मार्च १९९० रोजी, फार्गोहून मिनिआपोलिसला जाणाऱ्या नॉर्थवेस्ट कंपनीच्या विमानातील तिन्ही चालक मद्याच्या अंमलाखाली विमान घेऊन गेले. विमान सुखरूप उतरले, तिघांनाही अटक झाली आणि पुढे शिक्षाही झाली. या पार्श्वभूमीवर १९९१ मध्ये अमेरिकेने विमान, रेल्वे आणि अवजड वाहने चालविणाऱ्यांच्या मद्य व अमली पदार्थ तपासणीचा कायदाच केला.

त्याआधी १९८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. ते आपल्याकडील विचारी माणसाने लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला रेल्वे कामगारांविषयीचा. अपघातानंतर त्यांची तपासणी करणे योग्य, असे सात विरुद्ध दोन मतांनी ठरले. दुसरा सीमाशुल्क खात्यातील नोकरांविषयीचा. तेथे मात्र पाच विरुद्ध चार अशी निसटती बहुमताची रेघ उमटली. पहिल्या खटल्यात तपासणीच्या बाजूने उभे राहिलेले न्यायमूर्ती स्कॅलिया दुसऱ्यात विरोधात गेले. हे गृहस्थ परंपरानिष्ठ म्हणून विख्यात होते. त्यांना कोणी उच्छृंखल स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते म्हणणार नाही. त्यांचा युक्तिवाद साधा होता. रेल्वेत नशेमुळे माणसे मेल्याचा पुरावा आहे. सीमाशुल्क खात्यात तसा काही उपद्रव झाल्याचा पुरावा सरकारने दाखविलेला नाही. केवळ सरकार किती कठोर आहे याचे प्रदर्शन मांडण्यासाठी माणसाला नमुन्याची बाटली हाती धरायला लावणे त्यांना मान्य नव्हते.

या कसोटीवर विमानचालक आणि नियंत्रक यांची तपासणी पूर्णपणे उतरते, यात शंका नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा अधिकार मूलभूत ठरविला, तेव्हाही त्यावर निर्बंध घालता येतात हे मान्यच केले होते. निर्बंधामागे कायदा असावा, हेतू न्याय्य असावा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात असावा, एवढीच अट. आकाशात ३५ हजार फुटांवर दीडदोनशे जिवांचा भार वाहणाऱ्याने ‘माझ्या खासगी आयुष्यात डोकावू नका’ असे म्हणणे शोभणारे नाही. प्रश्न उरतो तो प्रमाणाचा, आणि तो बाटलीत नेमके काय दिसते यापाशी येऊन ठेपतो.

खसखस, भांग आणि झोपेची गोळी

श्वासाची चाचणी आणि मूत्राची चाचणी यांत एक मूलभूत भेद आहे. श्वास सांगतो ते या घटकेचे: रक्तात मद्य आहे किंवा नाही. मूत्र सांगते ते गेलेल्या दिवसांचे. गांजाचे अवशेष क्वचित सेवन करणाऱ्याच्या शरीरातून काही दिवसांत जातात. सवय असलेल्याच्या शरीरात ते काही आठवडे रेंगाळतात. म्हणजे नमुना सदोष ठरला तरी तो मनुष्य त्या क्षणी नशेत होता, असे विज्ञान सांगत नाही. त्याने केव्हातरी सेवन केले एवढेच ते सांगते. विमानचालकाने केव्हाही सेवन करू नये ही अपेक्षा रास्तच. परंतु ‘नशेत विमान चालवीत होता’ आणि ‘सुट्टीत सेवन केले होते’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते वृत्तपत्राच्या मथळ्यात पार पुसले जाते.

शिवाय सेवन म्हणजे तरी काय? महासंचालनालयाच्या यादीत सहा वर्ग आहेत: ॲम्फेटामाइन, अफूजन्य द्रव्ये, गांजा, कोकेन, बार्बिच्युरेट आणि बेंझोडायझेपिन. कोकेनाविषयी कोणाला सहानुभूती असण्याचे कारण नाही. पण अफूजन्य द्रव्यांचे पाहा. अफू आणि खसखस एकाच बोंडातील. दिवाळीतील अनारसा खसखशीवर थापल्याशिवाय अनारसा म्हणवत नाही आणि बंगाली घरांत तर पोस्त हे नित्याचे कालवण. खसखशीत मॉर्फिनचा अंश असतो आणि भरपूर खाल्ल्यास तो मूत्रात उतरतो. ही काही सोयीस्कर सबब नव्हे. याच कारणास्तव अमेरिकेने १९९८ मध्ये अफूजन्य द्रव्यांची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून एकदम २००० वर नेली. २०२३ च्या फेब्रुवारीत तेथील संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांना खसखस टाळण्याची सूचना दिली. मौज अशी, की अचूक समजली जाणारी दुसरी, पुष्टीकारक चाचणीही येथे कामी येत नाही. तिला मॉर्फिन सापडते, कारण ते खरोखरच तेथे असते. ते अनारशातून आले की अड्ड्यावरून, हे यंत्राला कळत नाही. ते विचारावे लागते माणसाला, आणि विचारणाराही जाणकार वैद्य असावा लागतो. म्हणून अमेरिकेत प्रयोगशाळेचा अहवाल थेट मालकाकडे जात नाही. तो आधी एका स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकाकडे जातो. मॉर्फिन वा कोडीनचे प्रमाण १५ हजार नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर गैरवापराची वैद्यकीय लक्षणे सापडल्याविना तो परीक्षक नमुना सदोष ठरवीत नाही.

भांगेची गोष्ट आणखी निराळी. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने चरस आणि गांजा यांवर बंदी घातली, परंतु झाडाची पाने त्या व्याख्येतून वगळली. त्यामुळे राज्याराज्यांचे निर्बंध सोडले तर भांग हा त्या कायद्याखाली गुन्हा नाही. काशीत सरकारमान्य दुकानांतून ती विकली जाते. होळीच्या दिवशी सासुरवाडीच्या आग्रहाखातर थंडाईचा पेला रिचविणारा वैमानिक कायद्याच्या लेखी निर्दोष आणि चाचणीच्या लेखी गंजेटी! येथे नियम शिथिल करावा असे मुळीच नाही. वैमानिकाने भांगेला शिवूच नये. पण हे त्याला प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी, त्याच्या भाषेत, भांग आणि खसखस यांची नावे घेऊन सांगितले पाहिजे. परिपत्रकातील रासायनिक नावे वाचून ते उमगणार नाही.

मद्याच्या नियमात अशी स्पष्टता हळूहळू आली आहे. उड्डाणापूर्वी १२ तास मद्य वर्ज्य आणि यंत्रावरील आकडा निखळ शून्य, ही आपली कसोटी अमेरिकेतील आठ तास आणि ०.०४ टक्के या मर्यादेपेक्षा कितीतरी कडक आहे. २०२३ मध्ये मद्यार्क असलेली औषधे, तोंड धुण्याची द्रावणे आणि दंतमंजनाचे जेल यांनाही मनाई झाली. मसुद्यात अत्तरही होते, ते अंतिम नियमातून गळले. मद्यार्क असलेली औषधे म्हटली की त्यात आसव-अरिष्टेही आली. ड्यूटीच्या सकाळी द्राक्षासव घेऊन निघालेल्याचे काय होईल, हे घरच्या वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असलेले बरे.

उरला सहावा वर्ग, बेंझोडायझेपिन. हे नाव परके वाटते, पण ही द्रव्ये मध्यमवर्गीय घरातील औषधांच्या डब्यात सर्रास सापडतात. झोपेच्या आणि चिंता कमी करण्याच्या कित्येक गोळ्या याच कुळातील. अमेरिकेच्या विमान वाहतुकीतील अनिवार्य चाचणीत हा वर्ग नाही, आपल्याकडे आहे. असावाही, अशी गोळी घेऊन विमान चालविणे धोक्याचेच. परंतु आज पहाटे तीनला उठणारा, उद्या मध्यरात्री उतरणारा आणि परवा दुपारी परक्या शहरातील हॉटेलात पडदे ओढून झोपेची आराधना करणारा माणूस या गोळीपर्यंत का पोहोचतो, हा प्रश्न कोणती चाचणी विचारते?

वेळापत्रकाची तपासणी

वैमानिकांचे कामाचे तास आणि विश्रांती यांविषयीचे सुधारित नियम महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत आणि रात्रीच्या अवतरणांची संख्या सहाऐवजी दोन. त्याच वर्षी १ जूनपासून लागू व्हावयाचे हे नियम विमान कंपन्यांच्या कुरकुरीमुळे लांबणीवर पडले. वैमानिकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा कोठे १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते अमलात आले. आणि मग डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर सामानाचे ढीग आणि प्रवाशांचा आक्रोश साऱ्या देशाने पाहिला. दुसऱ्या टप्प्याचे नियम ठाऊक असूनही पुरेशी तयारी झालेली नव्हती. परिणाम काय झाला? रात्रीच्या कामाच्या काही तरतुदींतून त्या कंपनीला फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत मिळाली.

प्रवाशांचे हाल थांबविण्यासाठी ती सवलत अटळ होती, असे म्हणता येईल. तरीही तुलना मनात आल्यावाचून राहत नाही. वैमानिकाच्या श्वासात शून्यापुढे एक आकडा दिसला, तर पहिल्याच खेपेस तीन महिने परवाना निलंबित होतो. ‘माझी तयारी झाली नव्हती’ ही सबब कोणी ऐकून घेत नाही. कंपनीच्या वेळापत्रकात मात्र थकवा भरून वाहत असला, तर मुदतवाढ असते. थकलेल्या मेंदूची चूक आणि झिंगलेल्या मेंदूची चूक यांत विमानाला फरक कळत नाही.

समतेचा आणखी एक पैलू आहे, आणि तेथे मात्र व्यवस्थेने आपले शील राखले हे नमूद केले पाहिजे. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी दिल्लीहून लंडनला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाचे चालक श्वासचाचणीत दोनदा अनुत्तीर्ण झाले. ते कोणी नवखे वैमानिक नव्हते. कंपनीच्या उड्डाण विभागाचे संचालक होते. २०१७ मध्येही चाचणी टाळल्याबद्दल त्यांचा परवाना तीन महिने निलंबित झाला होता. दुसऱ्या प्रमादाबद्दल तो तीन वर्षांसाठी गेला. चाचणीच्या यंत्रासमोर हुद्दा चालत नाही, हे कनिष्ठ कर्मचाऱ्याला दिसले, तर तोही तक्रार न करता यंत्रासमोर उभा राहतो.

भीतीने जे लपते

२०२२ च्या नियमात एक तरतूद अतिशय शहाणपणाची आहे आणि तिची वाखाणणी फारशी झालेली नाही. प्रथमच सदोष आढळलेल्या कर्मचाऱ्याला बडतर्फ करा असे नियम म्हणत नाही. त्याला कामावरून बाजूला करून व्यसनमुक्ती केंद्राकडे पाठवावे आणि नमुना निर्दोष आल्यावर व वैद्यकीय योग्यतेचा दाखला मिळाल्यावरच कामावर घ्यावे, असे तो सांगतो. दुसऱ्या वेळी तीन वर्षे निलंबन, तिसऱ्या वेळी परवाना रद्द. आधी सुधारण्याची संधी, मग दंड, हा क्रम आपल्या घराघरांतील वडीलधाऱ्यांना सांगावा लागत नाही.

हा क्रम नुसत्या दयेपोटी नाही. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या विमानातील सहवैमानिकाने कप्तान बाहेर गेल्याचे पाहून दार लावून घेतले आणि विमान आल्प्स पर्वतावर आदळविले. १५० जण गेले. तो मानसिक व्याधीने ग्रस्त होता, औषधे घेत होता आणि वैद्यांनी त्याला कामास अयोग्य ठरविले होते. त्याने ते कंपनीपासून लपविले. फ्रान्सच्या तपास संस्थेने आपल्या अहवालात बोट ठेवले ते याच ठिकाणी. परवाना गेला की उपजीविका गेली, ही धास्ती असेल तर माणूस आजार लपवितो. युरोपने त्यानंतर आकस्मिक मद्यचाचणीचा नियम केला, आणि त्याच नियमावलीत प्रत्येक विमान कंपनीत वैमानिकांसाठी सहकाऱ्यांचे साहाय्य मंडळ असलेच पाहिजे, असेही घातले. आपल्या अडचणीविषयी ज्याच्यापाशी मोकळेपणाने बोलावे असा समव्यवसायी माणूस.

अमेरिकेत तर १९७० च्या दशकापासून व्यसनाधीन वैमानिकांना उपचार देऊन, वर्षानुवर्षे देखरेखीखाली ठेवून परत आणण्याची पद्धत आहे. कंपनी, कामगार संघटना आणि सरकारी नियंत्रक तिघे मिळून ती चालवितात. १९९० च्या त्या नॉर्थवेस्ट विमानाचा कप्तान तुरुंगवास भोगून बाहेर आला, मद्य सोडले, परवान्यासाठी अगदी पायरीपासून पुन्हा परीक्षा दिल्या, त्याच कंपनीत परतला आणि जंबो विमानाचा कप्तान म्हणून सन्मानाने निवृत्त झाला. जानेवारी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला क्षमाही केली.

आपल्याकडे या वाटेवर एक काटा आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याचे २७ वे कलम सेवनालाही शिक्षा सांगते, आणि ६४-अ हे कलम स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देते. नियमानुसार उपचारास पाठविलेला वैमानिक ‘स्वेच्छेने’ गेला असे समजायचे की सक्तीने? त्याचा अहवाल उद्या पोलिसांच्या दप्तरात गेला तर? कामगाराने तपासणीस निःशंकपणे सामोरे जावे असे वाटत असेल, तर सुरक्षेसाठी घेतलेला नमुना फौजदारी पुरावा म्हणून वापरला जाणार नाही, हे कायद्यातच लिहिले गेले पाहिजे. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला आहे. इंग्रजांचा जुना कायदा बदललाच आहे, तर नव्या कायद्याखालील नियमांत ही एक ओळ घालणे कठीण नाही. त्याबरोबरच प्राथमिक चाचणी आणि पुष्टीकारक अहवाल यांमधल्या दिवसांचे वेतन कापले जाऊ नये आणि त्या काळात नाव बाहेर फुटू नये, याची जबाबदारी कंपनीवर टाकावी. सर्दीच्या साध्या औषधानेही प्राथमिक चाचणी चकते, हे वैद्यकास ज्ञात आहे. मग त्या अपुऱ्या अहवालावर संपूर्ण विभागात कुजबुज का व्हावी? कामगार संघटनांनी आपली शक्ती चाचणीला विरोध करण्यात न दवडता या तीन गोष्टींसाठी लावली, तर प्रवासीही त्यांच्या बाजूला उभा राहील.

महाराष्ट्रात गोंदिया, बारामती येथे उड्डाण प्रशिक्षण घेणारी मुले-मुली बहुतांशी मध्यमवर्गीय घरांतील असतात. घर तारण ठेवून, लक्षावधी रुपयांचे कर्ज काढून पालक त्यांना तेथे पाठवितात, आणि प्रवेशाच्या दारातच आता ही बाटली हाती येते. पालकांनी मुलांच्या औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात आणि खोकल्याच्या औषधात कोडीन आहे का हे दुकानदाराला विचारावे. संस्थेला मात्र एक प्रश्न शुल्क भरण्यापूर्वीच करावा: अहवालाविषयी वाद झाला तर फेरतपासणीसाठी नमुन्याचा उरलेला भाग कोठे, किती दिवस आणि कोणाच्या कुलपात राहतो?